तिघांतला चौथा

सायकल चालवली की माणूस हलका होतो, असं म्हणणाऱ्याला एकदा माझ्या बायकोने भरलेल्या बॅगा लावून दिवसभर पिटाळायला हवं. जूनमधला शनिवार, एडिसनमधल्या आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग. मी गाडीच्या मागच्या रॅकवर सायकली चढवत होतो आणि ती माझ्या कॅरिअरला लटकवायच्या बॅगा भरत होती. पोळीचे रोल, बटाट्याची भाजी, चिवडा, थर्मासमध्ये चहा, गुडघ्याला लावायचा बाम, वर एक चादर. मी म्हटलं, अगं, संध्याकाळी परत येणार आहोत आपण. त्यावर तिने चादर आणखी दाबून बसवली आणि बॅगेची चेन ओढली.

मी निघण्याआधीच दमलेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. आठवडाभर धड झोप नव्हती. ऑफिसचं काम होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. घरात एका प्रश्नावर बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि न बोलण्याइतकं दमवणारं काम दुसरं नाही.

प्रश्न असा. आमची एकुलती एक मुलगी ऑगस्टमध्ये एकवीस वर्षांची होणार होती. तीन वर्षांची असताना ती माझ्या व्हिसाचं शेपूट धरून इथे अमेरिकेत आली. ग्रीन कार्डासाठी अर्ज केला तेव्हा ती पहिलीत होती. ती कॉलेजातून पास होऊन बाहेर पडली तरी आमची रांग हलायचं नाव घेत नव्हती. आणि एकवीस पूर्ण झाली की मूल आईबापाच्या रांगेतून बाहेर. मग त्याने स्वतःचा व्हिसा बघायचा. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. इथल्याच एका युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायचं, विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यायचा, पुढे नोकरी, नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि नशिबाने लागलीच तर पुन्हा तीच रांग, पार शेवटून. नाहीतर नेदरलँड्समधल्या एका युनिव्हर्सिटीने बोलावलं होतं, तिकडे जायचं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मला ती इथे राहायला हवी होती. बायको स्वतःला काय हवंय ते सांगत नव्हती. मुलगी म्हणाली होती, शनिवारी आपण तिघं दिवसभराच्या राइडला जाऊ, राइड संपली की मी सांगते, तोवर कोणी विषय काढायचा नाही. मी कबूल केलं. करतो काय?

आता यातली गंमत बघा. युरोपात सायकलने फिरायचं हे खूळ मूळ माझं. नदीच्या काठाकाठाने जायचं, गावं लागतील तिथे थांबायचं, द्राक्षांचे मळे बघायचे, कुठल्यातरी बेकरीच्या बाहेर पाय पसरून बसायचं. दोनदा बुकिंग केलं, दोनदा कॅन्सल केलं. या देशातून बाहेर पडलं की आत येण्याआधी व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि कॉन्सुलेटच्या काचेपलीकडच्या माणसाने त्या दिवशी नाही म्हटलं, तर नोकरी, गाडी, पोरीची शाळा इथे आणि आपण तिथे. तेव्हा ग्रीन कार्ड आलं की जाऊ. आमच्या घरात सगळंच ग्रीन कार्ड आलं की. घर घेऊ, ग्रीन कार्ड आलं की. कुत्रा पाळू, ग्रीन कार्ड आलं की. दुसऱ्या मुलाचा विचारसुद्धा त्याच खुंटीला टांगला आणि तो तिथेच वाळून गेला. ज्या युरोपात मी सायकल घेऊन जायचं म्हणत होतो, त्यानेच आता माझी पोर मागितली होती.

तर युरोप नाही, मग डेलावेअर नदी. लॅम्बर्टव्हिलला गाडी लावायची, न्यू जर्सीच्या बाजूने कालव्याकाठच्या वाटेने वर फ्रेंचटाऊनपर्यंत जायचं, पूल ओलांडून पलीकडे पेनसिल्व्हेनियात शिरायचं आणि तिकडच्या काठाने खाली यायचं. पूर्वी या वाटेवरून खेचरं नावा ओढत न्यायची म्हणे. त्या दिवशी कॅरिअरला बॅगा लटकवलेला मी स्वतःला त्यांच्यातलाच एक समजत होतो.

गाडीत बसताना बायकोने विचारलं, "चौथा घेतलाय ना?"

मी म्हटलं, असेल की बॅगेतच, कुठे जातोय तो. मुलगी मागच्या सीटवर हेल्मेटचा पट्टा लहानमोठा करत बसली होती.

चौथा म्हणजे दगड. लिंबाएवढा, करडा, एका बाजूने चपटा. तिघांनी मिळून बाहेर पडायचं नाही, तीन तिगाडा काम बिगाडा, आणि पडावंच लागलं तर एक खडा बरोबर घ्यायचा म्हणजे चार होतात, असं माझ्या बायकोच्या माहेरी पाळतात. आम्ही देश सोडला तेव्हा तिघंच होतो. नागपुरातल्या बिल्डिंगच्या जिन्याखालून तिने हा दगड उचलला आणि पर्समध्ये टाकला. विमानतळावर तपासणीवाल्याने तो हातात घेऊन खालीवर केला, आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत दिला. मी तेव्हापासून तिची टिंगल करत आलो. इंजिनिअर बाई, डेटाबेस सांभाळते आणि दगड घेऊन फिरते. ती म्हणायची, तुझं काय जातंय, वजन मी उचलतेय ना? पुढे वजन मीच उचलायला लागलो हा भाग वेगळा.

पोरीने मात्र त्याला घरातलाच करून टाकला. किंडरगार्टनमध्ये असताना तिने मार्करने त्याला डोळे काढले. शाळेत फॅमिलीचं चित्र काढायला सांगितलं तर हिने चार जणं काढली, आई, बाबा, मी आणि भाऊ. पेरेंट-टीचर मीटिंगला बाईंनी हसतमुखाने विचारलं, मुलगा केवढा आहे तुमचा? आम्ही एकमेकांकडे बघतोय. मग पोरगीच म्हणाली, माय ब्रदर इज अ रॉक. बाई हसल्या, आम्हीही हसलो. परत येताना गाडीत बायकोने रेडिओ मोठा केला. पुढे पोर मोठी झाली, डोळे पुसले गेले, पण नायगारा असो की डॅलसला मित्राकडे जायचं असो, तो असायचाच. पिकनिकच्या बॅगेचा बाजूचा कप्पा त्याचा. जेवायला बसलो की तो बाहेर यायचा आणि चादरीच्या कोपऱ्यावर बसायचा, वाऱ्याने उडू नये म्हणून. एवढाच त्याचा खरा उपयोग.

जाताना झकास गेलो. वाट सपाट, बारीक खडीची, डोक्यावर झाडांचं छत. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला कालवा, कालव्यात पडलेल्या ओंडक्यांवर कासवं ओळीने ऊन खात बसलेली. नदीत लोक ट्यूबांवर पसरून वाहत चालले होते, पोटावर बिअरचा कॅन ठेवून. त्यांचा मला मनापासून हेवा वाटला. मुलगी पुढे, मधे बायको, मागे मी. पोरगी दर थोड्या वेळाने मान वळवून बघायची, आम्ही येतोय ना. मला वाटायला लागलं, अरे, आपल्यात दम आहे अजून. पाठीमागून वारा होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माणसाला वारा पाठीशी असला की तो स्वतःच्याच पायांचं कौतुक करतो.

फ्रेंचटाऊनच्या पुलावर सायकलवरून उतरून चालत जायचं असा बोर्ड आहे. चालताना कळलं की कमरेखाली काही शिल्लक नाही. ती पॅड लावलेली तंग चड्डी घालूनसुद्धा बूड असं ठणकत होतं की बसण्याचा विचार नको वाटावा आणि उभं राहणंही नको. पलीकडे उतरून थोडं खाली आलो तशी एका मोठ्या झाडाखाली बायकोने चादर पसरली. साल सोललेलं पांढरं झाड, नाव मला आजही माहीत नाही. मी आडवाच झालो.

तिने डबे काढले, कागदाच्या ताटल्यांत रोल ठेवले. तीन वाढायचे नाहीत म्हणून मला चार. मग वाऱ्याने चादरीचा कोपरा उलटला आणि तिने बाजूच्या कप्प्यात हात घातला. दुसऱ्या कप्प्यात घातला. बाम, टिश्यू, चाव्या, सगळं बाहेर काढलं.

"तू काढलास," ती मला म्हणाली.

मी उठून बसलो. मी नाही काढला, म्हटलं. ती ऐकेना. काल रात्री वजन कमी करायचं म्हणून तूच बॅगा उपसत होतास, जास्तीचं कुलूप काढलंस, पाण्याची बाटली काढलीस, त्याच्याबरोबर तोही काढलास, अठरा वर्षं तुझ्या डोळ्यांत खुपतोय तो. मी म्हटलं, अगं बाई, कुलूप काढलं ते खरं, पण दगडाला हात लावायची माझी हिंमत आहे का? ती म्हणाली, कालचा दिवस सोडून आजच बरा हरवला तो. तिचा आवाज चिरकला तेव्हा मला उमगलं की ही दगडासाठी भांडत नाहीये. आठवडाभर जे बोलायचं नव्हतं ते या वाटेने बाहेर येत होतं. तरी मी गप्प बसलो नाही. मीही आवाज चढवला. शेजारून जाणारं एक म्हातारं जोडपं सायकली हळू करून आमच्याकडे बघत गेलं.

"आई, बाबाने नाही काढला," मुलगी म्हणाली. तिने ताटली खाली ठेवली होती. "माझ्याकडे आहे. म्हणजे, घरी. माझ्या सुटकेसमध्ये."

माझ्या तोंडात चिवड्याचा बकाणा होता. सुटकेस म्हणजे कोणती, हे विचारायची गरज नव्हती. एडिसनहून तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीत जायला कोणी सुटकेसच्या तळाशी दगड ठेवत नाही. राइड संपल्यावर सांगणार होती ते असं मधेच सांगून झालं, आणि असं सांगायचा तिचाही विचार नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. डोळे भरून आले होते तिचे. बायकोने चांदीच्या कागदाचा बोळा केला, तो परत उलगडला, परत केला. मग म्हणाली, चहा घ्या. आम्ही चहा घेतला. असा चहा मी कधी प्यायलो नाही आणि पुन्हा पिणार नाही.

वाईट भाग असा की अर्धी वाट राहिली होती. घरात असतो तर दार आपटून खोलीत गेलो असतो. इथे गाडी तिकडे खाली लॅम्बर्टव्हिलला, आणि तिच्यापर्यंत जायला पाय मारण्यावाचून इलाज नाही. मी बॅगा चढवल्या. तर बायको हलेना. चौथ्याशिवाय ती निघणार नव्हती. सकाळी आपण तिघंच निघालो आणि काय झालं बघितलंस ना, असं तिने म्हटलं नाही, पण मला ते ऐकू आलं. शेवटी मुलगीच नदीकडे उतरली आणि एक दगड घेऊन आली. ओला, काळपट, पहिल्यापेक्षा चांगला दुप्पट. बायकोने तो रुमालाने कोरडा केला आणि या वेळी स्वतःच्या बास्केटमध्ये ठेवला.

आणि मग समोरून वारा. सकाळी ज्याने ढकलत आणलं होतं तोच आता छातीवर हात ठेवून उभा. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूची वाट जास्त खडबडीत, जागोजागी मुळं वर आलेली. मी रागात होतो. कोणावर, ते मलाच ठरवता येत नव्हतं. पोरीवर, दगडावर, कायदा करणाऱ्यांवर, ज्या दिवशी सही करून इकडे आलो त्या दिवसावर. रागाच्या भरात मी दोघींना मागे टाकून पुढे निघालो, दातओठ खात. उसनं अवसान किती टिकणार? एका जुन्या लॉकपाशी, जिथे नावा वरखाली करायचे लाकडी दरवाजे अजून उभे आहेत, तिथे उजव्या पोटरीत असा गोळा आला की सायकल गवतात टाकून मी खाली बसलो. पन्नाशी ओलांडलेला, तंग चड्डी घातलेला, गवतात बसून स्वतःची पोटरी दाबणारा माणूस. कोणी फोटो काढायला नको होता.

मुलगी पोचली. बामाची बाटली तिने आईकडून घेतली होती. पोटरी चोळली तिने. मग म्हणाली, आता मी पुढे राहते, तू अगदी माझ्या मागच्या चाकाला चिकटून ये, वारा लागणार नाही तुला. तिच्या कॉलेजातल्या क्लबमध्ये असंच चालवायचे म्हणे. मला पटेना. ही वाळकी पोरगी माझा काय वारा अडवणार? पण खरंच अडवला. तिच्या पाठीमागे वारा अर्धा झाला. मी फक्त तिच्या चाकाकडे बघत राहिलो, ते जसं जाईल तसा गेलो. मागून बायकोच्या बास्केटमधला दगड खडखड वाजत होता.

बराच वेळ तसे गेलो. तिची पाठ माझ्यासमोर होती, तोंड दिसत नव्हतं. त्यामुळेच बहुतेक मला विचारता आलं. मी म्हटलं, तिथे तुझं कोण आहे?

"कोणी नाही," ती म्हणाली. मान वळवली नाही. "बाबा, अठरा वर्षं मी तुझ्या लाइनमध्ये उभी होते. मला आता परत त्याच लाइनच्या एंडला नाही जायचंय. मी थकले रे."

एकवीस पण पूर्ण न झालेली पोर म्हणाली, मी थकले. त्या दिवशी तिघांत दमलेला मी एकटाच आहे असं मी धरून चाललो होतो. मला खूप काही म्हणायचं होतं. की आम्ही तुझ्यासाठीच उभे होतो. की एखाद वर्ष थांब, नियम बदलतील. हे मी तिला दरवर्षी सांगत आलोय हे तेवढ्यात आठवलं. मग मी एवढंच विचारलं, आम्हाला तुला भेटायला यायचं कसं?

"तू येऊ शकणार नाहीस, मला माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर तो घेतला मी. सॉरी, विचारून घ्यायला हवा होता."

मला रडू आलं. समोरून वारा असला की डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे कोणाला सांगावं लागलं नाही.

लॅम्बर्टव्हिलचा पूल चालत ओलांडला तेव्हा ऊन उतरलं होतं. पुलावर माणसांची गर्दी, हातात आइस्क्रीम, गाण्याचे आवाज. आम्ही तिघं एकामागून एक सायकली ढकलत चाललो होतो. माझ्या अंगात राग शिल्लक नव्हता. मनाने मोठा झालो होतो अशातला भाग नाही, रागावायलासुद्धा ताकद लागते. पार्किंगला पोचल्यावर मुलीने तिच्या सायकलचं पुढचं चाक सोडवायला घेतलं. मी रॅकचे पट्टे उलगडत होतो. बायकोने बास्केट रिकामं केलं, रुमालाची घडी केली, आणि तो मोठा दगड पार्किंगच्या कठड्यावर ठेवून दिला.

मुलगी म्हणाली, आई, तो राहिला.

"राहू दे," बायको म्हणाली. "घरी नेऊन काय करायचंय? ऑगस्टनंतर आम्ही दोघंच. दोघांना लागत नाही."

तिने ते रागाने म्हटलं नाही, टोमणा म्हणूनही नाही. किराणा संपलाय हे सांगावं तसं सांगितलं. मुलीचे हात चाकावरच थांबले. ती खाली मान घालून तशीच उकिडवी बसून राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. आठवडाभर बायकोने स्वतःला काय हवंय ते सांगितलं नव्हतं. ते तेव्हा कळलं. पोरीने जावं असं तिलाही वाटत होतं, आणि गेलेली तिला सोसणार नव्हती. दोन्ही खरं होतं.

अठरा वर्षं ज्याची टिंगल केली तो विषय मी त्या क्षणी दुसऱ्या कशाने बदलू शकलो असतो. भूक लागलीय, म्हणू शकलो असतो. मी कठड्यापाशी गेलो, पोटरी ओढत.

"अजून घरी जायचंय," मी म्हणालो. "घरी जाईपर्यंत आपण तिघं आहोत."

मी दगड उचलून बायकोच्या हातात दिला. तिने तो घेतला. मुलगी डोळे पुसत मागच्या सीटवर जाऊन बसली. बायको पुढे बसली, दगड मांडीवर ठेवला, आणि त्याच्यावरून सीटबेल्ट लावला.